गुरुवारचा बंगला

सोलापुरात मी स्विमिंग टँक साफ करतो असं सांगितलं की समोरचा माणूस आधी हसतो. मग विचारतो, "नळाला पाणी कधी आलं होतं तुमच्याकडं?" या विनोदाला मी आता उत्तर देत नाही. ज्या गावात पाण्याचा दिवस असला की लोक पाहुण्यांकडे जायचं टाळतात, त्या गावात निळं पाणी सांभाळून पोट भरणारा माणूस हसण्यासारखाच आहे, हे मलाही कळतं. पण टँक आहेत. होटगी रोडला आहेत, विजापूर रोडला आहेत, डॉक्टरांच्या बंगल्यांत आहेत, कारखानदारांच्या फार्महाऊसवर आहेत. कंपाउंडच्या भिंती उंच असतात म्हणून रस्त्यावरून दिसत नाहीत, एवढंच.

मी मूळचा मोटारी भरणारा. सात रस्त्याजवळच्या एका बोळात माझं दुकान होतं. जळालेल्या मोटारीतली तार उपसायची, नवी गुंडाळायची, वार्निश मारून वाळवायची. एकदा एका डॉक्टरांच्या टँकचा पंप भरून द्यायला गेलो, तर पाणी शेवाळून हिरवंगार झालेलं. डॉक्टर म्हणाले, "हे पण बघता का?" मी म्हणालो, "बघतो की." बघायला मला काडीचं येत नव्हतं. पण पंप माझ्या हातातला होता आणि बाकी सगळं वाचून, विचारून, चुकत-माकत जमलं. त्या डॉक्टरांनी दुसऱ्या डॉक्टरांना सांगितलं आणि मोटारी मागे पडल्या, दुकान तेवढं राहिलं.

घरांची कामं मला फार आवडायची. बाजूच्या फाटकानं आत जायचं, चपला काढायच्या, लांब दांडीची जाळी घेऊन पाण्यावरचा पाचोळा गोळा करायचा. मग तळ ओढायचा, म्हणजे खालचा गाळ पंपानं उपसायचा, भिंती घासायच्या, बाटलीत पाणी घेऊन त्यात तपासणीचे थेंब टाकून रंग बघायचा. तोवर आतून चहा येतो. टँक साफ करणाऱ्या माणसापासून घर काही लपवत नाही. कोणाची क्लिप, कोणाचा चेंडू, कोणाचं रागानं फेकलेलं रिमोट, सगळं माझ्या जाळीत येणार. मुलं लहान असतात तोवर पाणी गढूळ असतं. मग मुलं मोठी होतात, पुण्याला जातात, परदेशात जातात, आणि पाणी नितळ राहायला लागतं. एखाद्या टँकचं पाणी महिनोन् महिने नितळ दिसलं की मला त्या घराची काळजी वाटायची.

गुरुवारचा बंगला तसलाच होता. होटगी रोडच्या आतल्या बाजूला, बाहेर मोठं लिंबाचं झाड. मालक मिरची आणि धान्याचे जुने व्यापारी, ऐंशीच्या घरात. मुलानं नातवंडांसाठी टँक बांधला होता. नातवंडं दोन उन्हाळे पोहली, मग मुलाची बदली पुण्याला झाली आणि टँक म्हाताऱ्याच्या गळ्यात पडला. बायको आधीच गेलेली. स्वयंपाकाची बाई सकाळी येऊन जायची. म्हातारा व्हरांड्यात खुर्ची टाकून त्या पाण्याकडे बघत बसलेला असायचा. शेजारीपाजारी कुरकुरायचे की एवढं पाणी कोणासाठी भरून ठेवलंय. तो म्हणायचा, "माज्यासाठी. तुमाला प्यायला देऊ का?"

पहिल्या दिवशी मी पंपाचं झाकण काढता काढता ते बोटावर आपटलं आणि माझ्या तोंडून एक अस्सल कन्नड शिवी बाहेर पडली. खुर्चीतून आवाज आला, "कुटल्या गावचा रे तू?" तोही कन्नडमध्ये. मी अक्कलकोटच्या पलीकडच्या आमच्या गावाचं नाव सांगितलं. त्यानं मान हलवली आणि त्या दिवसापासून समोरासमोर माझ्याशी मराठीत एक शब्द बोलला नाही. मी मराठीत काही बोललो तर कान बहिरे असल्यासारखं करायचा.

आमच्याकडे हे नवीन नाही. घरात कन्नड, शाळेत मराठी, बाजारात जे समोर येईल ते. माझी बायको वैरागची. तिला कन्नड समजायला लागलं होतं, पण ती बोलायची नाही. मी आणि माझी आई कन्नडमध्ये बोलायला लागलो की ती भांडी जरा जोरात आपटायची, कारण तिला वाटायचं आम्ही तिच्याबद्दल बोलतोय. कधीकधी बोलतही होतो. मुलाशी सगळे मराठीच बोलले. आई गेली तेव्हा घरातलं कन्नड बंद झालं. पुढे बायको गेली, मुलगा हैदराबादला कॉम्प्युटरच्या नोकरीला गेला, आणि घरात मराठीही बंद झालं. कुलूप काढून आत गेलो की दुसऱ्या दिवशी कुलूप लावेपर्यंत माझ्या तोंडातून शब्द निघायचा नाही. टीव्ही बोलायचा, पण त्याला उत्तर देता येत नाही.

म्हणून गुरुवार. अकराच्या सुमाराला मी फाटक लोटलं की अज्जा (मी त्याला अज्जाच म्हणायचो, आमच्यात आजोबांना अज्जा म्हणतात) खुर्चीतून न उठता विचारायचा, "ऊट आतेन?" म्हणजे, जेवण झालं का. नमस्कार नाही, ये नाही, बस नाही. आधी हा प्रश्न. मी म्हणायचो, "आत्री," झालं म्हणून. मग तो मला जवळ बोलवायचा, माझ्या तोंडाकडे बघायचा आणि म्हणायचा, "खोटं." बाईनं झाकून ठेवलेली कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दह्याची वाटी समोर यायची. मी पाण्याच्या कडेला बसून खायचो आणि तो बोलायचा. मिरचीच्या भावाबद्दल, मेलेल्या भागीदारांबद्दल, एका बैलाबद्दल, जो म्हणे याच्यापेक्षा चांगला हिशोब करायचा. त्यातलं निम्मं खोटं असणार. मला काय करायचंय? माझ्या आईच्या तोंडचे शब्द त्याच्या तोंडातून ऐकू यायचे. भाकरी मोडताना आई जो शब्द वापरायची, तोच तो वापरायचा. तो शब्द या शहरात दुसऱ्या कोणाकडून मी ऐकला नव्हता.

टँकचं काम अर्ध्या तासाचं. गुरुवारी मला तिथं दोन तास लागायचे.

माझा मुलगा रविवारी फोन करतो. हिशोबी मुलगा आहे, माझ्यासारखा नाही. एका रविवारी म्हणाला, "बाबा, घरांच्या टँकमध्ये काय ठेवलंय? दोन घरांच्या मधे पेट्रोल जाळताय. कमर्शियल घ्या. हॉटेल, क्लब, शाळा. एक मोठा टँक म्हणजे तुमची दहा घरं." मी म्हणालो, "मला जमणार नाही." तो म्हणाला, "तुम्ही मोटारी भरणारे होतात, तेव्हा घरांचंही जमणार नाही म्हणाला होतात." हे खरं होतं. आणि दुसरं एक खरं, जे मी त्याला सांगितलं नाही. संध्याकाळी दुकान बंद करून घरी जायची मला भीती वाटायला लागली होती. मोठं काम म्हणजे जास्त माणसं, जास्त माणसं म्हणजे जास्त बोलणं, असा माझा साधा हिशोब होता.

मुलानं लेटरहेड बनवलं, कार्ड छापली, शर्टावर नाव शिवून घेतलं. एका नव्या हॉटेलनं आम्हाला बोलावलं. गच्चीवर टँक, खाली लग्नाचा हॉल, मधे काचा. मॅनेजर तरुण होता, कोल्हापूरकडचा, बोलायला गोड आणि ऐकायला अजिबात वेळ नसलेला. त्यानं कामाची यादी वाचून दाखवली. रोज सकाळी पाणी तपासायचं, आठवड्यातून एकदा सगळा तळ ओढून भिंती घासायच्या. "मोठी साफसफाई गुरुवारी," तो म्हणाला. "शुक्रवारपासून लग्नाची गर्दी. गुरुवारी गेस्ट कमी असतात."

मी विचारलं, "बुधवार चालंल का?"

"बुधवारी कॉर्पोरेट पार्टी असते, काका."

"मंगळवार?"

त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्याच्या लग्नाची तारीख बदलायला सांगतोय. मी सही केली. काम मिळाल्याचा आनंद झाला नाही असं नाही. खाली उतरून रस्त्यावर आलो आणि सोडा प्यायलो. बायको असती तर तिला फोन केला असता. मुलाला केला, तर तो मीटिंगमध्ये होता.

अज्जाला सांगायला मी मुद्दाम बुधवारीच गेलो. म्हणालो, आता गुरुवारी मी नवा ठेवलेला माणूस येईल, मी शनिवारी चक्कर मारीन. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ती गच्चीवरची टाकी किती मोठी?" मी सांगितलं. "त्यात कोण पोहणार?" मी म्हणालो, गिऱ्हाईकं. "त्यातलं कोण तुला भाकरी देणार?" मी हसलो. तो हसला नाही. मग म्हणाला, "जा. धंदा करावाच. मी पण केला." आणि त्या दिवशी मला जेवण झालं का हे त्यानं विचारलं नाही. चुकून राहिलं असेल, असं मी स्वतःला समजावत गाडीला किक मारली.

हॉटेलच्या टँकनं पहिल्याच झटक्यात माझी लाज काढली. घरांचे टँक मी नळाच्या पाण्यानं भरायचो. पाण्याच्या दिवशी थोडं, पुढच्या पाण्याच्या दिवशी थोडं, असा टँक रमतगमत भरायचा. हॉटेलला एका दिवसात भरून हवा होता. टँकर लागले, एकामागून एक, सगळे बोअरचे. संध्याकाळी मी घरांच्या टँकच्या सवयीनं क्लोरीन टाकलं आणि निघून गेलो. बोअरच्या पाण्यात लोखंड असतं आणि क्लोरीन पडलं की ते रंग सोडतं, हे मी ऐकून होतो, पण माझ्या घरांच्या टँकांना कधी त्याचा त्रास झाला नव्हता. सकाळी गच्चीवर गेलो, तर अख्खा टँक चहा झालेला. नुसता चहा नाही, चांगला उकळलेला. मॅनेजर काठावर उभा. त्याच्या गोड बोलण्याचा त्या दिवशी सुट्टीचा वार होता. हॉटेलचे दोन साहेब फोटो काढत होते. मी तुरटी टाकली, पाणी निवळायला ठेवलं, खाली बसलेला गाळ ओढून बाहेर फेकला, परत टँकर मागवले. चार दिवस त्या गच्चीवर उन्हात उभा राहिलो आणि कोणी माझ्याशी कामापलीकडे बोललं नाही. वॉचमनसुद्धा माझ्याकडे बघून मान फिरवायचा.

शनिवारी अज्जाला ते सांगितलं. ऐकता ऐकता त्याचे खांदे हलायला लागले. "साखर टाकली होतीस का?" त्यानं विचारलं, आणि आम्ही दोघं इतके हसलो की आत भांडी घासणारी बाई बाहेर आली. चार दिवसांचा तो सगळा अपमान त्या एका प्रश्नानं वाहून गेला. घरी जाताना मला कळलं की हे हसणं मला फक्त इथंच मिळतं, आणि ते मी शनिवारच्या अर्ध्या तासावर आणून ठेवलंय.

गुरुवारी जाणारा माझा माणूस आधी यंत्रमागावर होता. घरी तेलुगू, बाहेर मराठी, कामाला नेक. दोन-तीन गुरुवार झाले आणि तो दुकानात येऊन म्हणाला, "मालक, त्ये म्हातारं लई कटकट करतंय. पानी चांगलं हाय, तरी म्हनतंय बिगडलं. मला काय बोलंना, नुसतं फाटकाकडं बगत बसतंय."

मग फोन सुरू झाले. फोनवर अज्जा मराठी बोलायचा, कारण फोन म्हणजे त्याच्या लेखी व्यवहार. "पाणी बिगडलंय. तू ये." मी गेलो. थेंब टाकून बघितलं, पाणी उत्तम. "वास येतोय." मी वास घेतला, वास नव्हता. "पंप घरघर करतोय." पंप गप्प होता, मीच भरलेला होता तो. मी सगळं नीट तपासायचो, त्याच्यासमोर मान हलवायचो आणि म्हणायचो, "व्हय, जरा घरघरतोय." मग खुर्चीजवळ बसायचो. आम्ही दोघंही काय करतोय हे दोघांनाही ठाऊक होतं. दोघांपैकी एकानंही ते तोंडावर येऊ दिलं नाही. दोन मोठी माणसं, पाण्याला नावं ठेवल्याशिवाय एकमेकांना भेटू शकत नव्हती.

पण धंदा वाढला की वाढत जातो. हॉटेलचा टँक निळा झाला, तो बघून एका शाळेनं बोलावलं, मग एका क्लबानं. मुलानं तिकडून कौतुक केलं. माणसं वाढली, हे खरं होतं. दिवसभर माझा फोन वाजायचा. पण ते बोलणं कसलं, तर गेटवर एंट्री करा, पाठीमागच्या लिफ्टनं या, गेस्टसमोर उभे राहू नका, फोटो काढून ग्रुपवर टाका. घरांमध्ये मी काका होतो. इथं मी व्हेंडर झालो. रात्री परत तेच कुलूप. उलट आता एवढं ऐकून आलेलं असायचं की घरातली शांतता जास्त ऐकू यायची. शनिवार चुकायला लागले. अज्जाचे फोनही कमी झाले. मला वाटलं, माझा माणूस त्याच्या सवयीचा झाला.

एके दिवशी अज्जाच्या मुलाचा पुण्याहून फोन आला. वडील न्हाणीघरात पडले होते. दवाखान्यात दाखवलं तर डोक्यातही काही झाल्याचं निघालं, थोडासा झटका होता. आता त्यांना पुण्याला नेलंय. बंगला बंद ठेवायचाय, टँक रिकामा करून द्या, उघड्या टँकमध्ये कोणी पडलं-बिडलं तर आफत. मी विचारलं, "बोलतात का?" तो म्हणाला, "बोलतात, पण मराठी गेलंय हो. फक्त कन्नड राहिलंय. डॉक्टर म्हणतात असं होतं कधीकधी."

टँक रिकामा करायला मी कोणाला पाठवलं नाही, मीच गेलो. क्लोरीन उडून गेलेलं होतं, म्हणून पाइप लिंबाच्या आळ्यात सोडला. दुपारपर्यंत शेजारचे आले, एवढं पाणी कोणासाठी म्हणून कुरकुरणारेच, आणि गाड्या धुवायला पाइप मागायला लागले. मी दिला. संध्याकाळी तळ उघडा पडला. मी तो वर्षानुवर्षं दांडीच्या टोकानं ओढला होता, पण कधी त्यावर उभा राहिलो नव्हतो. उभा राहिलो. खुर्ची तशीच व्हरांड्यात होती, माझ्या डोक्याच्या वरच्या पातळीला. खरं सांगतो, मी तिथं खाली बसून रडलो. बायको गेली तेव्हा घर भरलेलं होतं, माणसं होती, मला रडायला जागाच मिळाली नव्हती. तेही त्यातच आलं असेल.

त्यानंतरची गोष्ट एका गुरुवारचीच. हॉटेलच्या गच्चीवर तळ ओढत होतो, दुपार व्हायला आली होती. पुण्याहून फोन आला. अज्जाची सून. ती मला एकदा-दोनदाच भेटलेली, मूळची पुण्याचीच.

"काका, तुम्हाला कन्नड येतं ना?" तिचा आवाज थकलेला होता. "हे टूरवर गेलेत. बाबा सकाळपासून एकच काहीतरी विचारतायत. मी पाणी दिलं, पांघरूण दिलं, बाथरूमला नेऊ का म्हणून खुणा केल्या. काही केलं तरी चिडतायत. तुम्ही जरा ऐकता का? मी फोन त्यांच्याजवळ धरते."

मी पंप बंद केला. फोनमधून श्वास ऐकू आला, जड, ओळखीचा. मी कन्नडमध्ये म्हणालो, "अज्जा, मी आहे. गुरुवारचा." काही नाही. परत म्हणालो, मोठ्यानं. आणि मग तो आवाज आला, जरा जड जिभेनं, पण तोच.

"ऊट आतेन?"

मी फोन कानाला घट्ट दाबला. त्यानं ओळखलं, असं मला वाटलं. एवढी भाषा गेली, सगळं गेलं आणि हा एवढा प्रश्न माझ्यासाठी राहिला. मी फोन तोंडाशी धरून ओरडलो, "आत्री, अज्जा! आत्री!" वॉचमन वळून बघायला लागला. मला कसली पर्वा.

अज्जा चिडला. "ऊट आतेन?" परत तेच, अजून जोरात. आता मला ऐकू आलं की तो आवाज फोनकडे येत नव्हता. तो बाजूला बोलत होता, जिथं फोन धरणारी बाई उभी होती.

मी तिला म्हणालो, "ताई, तुमी सकाळपासून जेवलात का?"

"मी? नाही हो, कुठं वेळ मिळाला? पण ते काय म्हणतायत?"

"तेच इचारतायत. तुमी जेवलात का."

तिकडे फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेल्याचा आवाज आला.

"मला विचारतायत?"

"तुमालाच."

ती रडायला लागली. मी थांबलो. मग तिला सांगितलं की 'आत्री' म्हणायचं, म्हणजे झालं. "पण आधी खरंच जेवा. नुसतं म्हटलं तर धरतात. तोंडाकडं बघून ओळखतात." ती रडता रडता हसली. तिनं फोन तसाच चालू ठेवला, दोन घास खाल्ल्याचा आवाज आला, आणि मग तिनं अडखळत म्हटलं, "आत्री." अज्जा काहीतरी पुटपुटला आणि शांत झाला. मी कान लावून ऐकत होतो. अज्जा मला अजून काही विचारेल, असं वाटत होतं.

ती म्हणाली, "काका, अजून काही शब्द शिकवाल का? रोजचे. रेकॉर्ड करून पाठवा, मी पाठ करते." मी व्हय म्हणालो. फोन ठेवल्यावर टँकच्या काठावर, सावलीच्या पट्ट्यात बसलो आणि एकेक शब्द मोबाइलमध्ये बोलायला लागलो. पाणी. दुखतंय का. बस. झोप. आईचा भाकरीचा शब्द पण पाठवला, म्हटलं, हा वापरून बघा, खूश होतील. शेवटचा राहिला होता तो प्रश्न, कारण तिलाही तो अज्जाला रोज विचारता यायला हवा. मोबाइल तोंडाजवळ धरून मी तो नीट, स्पष्ट विचारला, अज्जाच्या चालीत.

मॅनेजर काचेचं दार ढकलून आला होता. "काका, कोणाशी बोलताय?"

"कुणाशी न्हाय," मी म्हणालो आणि पंप चालू केला. दुपार टळत आली होती. माझा डबा खाली गाडीच्या डिकीत होता, न उघडलेला.